सॉफ्टवेअरचा कारखाना आणि त्याची पेढी

रात्री फोन विजेला लावून आपण निजतो आणि सकाळी उठून पाहावे तो त्यातली दोन-तीन ॲप नव्या आवृत्तीची झालेली असतात. आपण झोपेत असताना कोणा दूरच्या माणसाने लिहिलेले लिखाण आपल्या घरात शिरले आणि जुन्याला बाजूला सारून त्याच्या जागी बसले. बँकेच्या शाखेत हेच घडते, तहसील कचेरीत हेच घडते, इस्पितळातल्या संगणकांवरही हेच घडते. ह्या पाहुण्याला आपण दार उघडतो ते कोणाच्या भरवशावर? लिहिणाऱ्याच्या भरवशावर, असे उत्तर सामान्यतः मिळते. पण ते अपुरे आहे. लिहिणारा आणि आपण ह्यांच्यामध्ये आणखी दोघे उभे असतात. एक, लिखाणापासून चालण्याजोगा माल तयार करणारी साधने. त्यांना बिल्ड टूल्स म्हणतात. आपण त्यांना कारखाना म्हणू. दुसरा, तो माल जगाला सोपविणारा रिलीज सर्व्हर. त्याला आपण पेढी म्हणू. ह्या कारखान्यात आणि पेढीत कामाची वाटणी कशी करावी, हाच ह्या व्याख्यानाचा विषय आहे. तो दिसावयास तांत्रिक असला तरी मुळात व्यवहाराचा आहे, आणि पेण-रोह्याच्या मंडळींना हा व्यवहार मुळीच परका नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम कारखान्याकडे वळू. प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत असते. यंत्राला ते जसेच्या तसे उमगत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, इतरांनी लिहिलेले सुटे भाग त्याला जोडावे लागतात, सारे नीट चालते की नाही ह्याच्या चाचण्या घ्याव्या लागतात, आणि अखेरीस एक गठ्ठा बांधावा लागतो. हे सगळे दर वेळी हाताने करू गेल्यास कोठेतरी एखादी पायरी राहून जाणारच. म्हणून 1976 साली बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी 'मेक' नावाचे साधन तयार केले. कोणती वस्तू कशापासून व्हावयाची आणि कोणत्या क्रमाने, हे एकदा लिहून ठेवले की पुढचे काम 'मेक' करते. आज मेवन, ग्रेडल अशी तिची कितीतरी भावंडे आहेत. तथापि मूळ कल्पना तीच आहे.

पेणमध्ये, तसेच हमरापूर आणि जोहे ह्या गावांत ज्यांनी गणपतीचे कारखाने पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. साच्यातून मूर्ती निघते, तिचे भाग जोडले जातात, सांधे घासून साफ केले जातात, ती वाळते, तिला रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. हा क्रम मोडून चालत नाही. ओल्या मूर्तीवर रंग देणारा कारागीर पेणमध्ये टिकणार नाही. परंतु मूर्ती पुरी झाली की निराळ्याच प्रकारचे काम सुरू होते. कोणती मूर्ती कोणाची, मुंबई-पुण्याला कोणती आणि परदेशी कोणती, कोणती कधी निघावयाची, फुटकी निघाली तर काय करावयाचे, ही कामे हिशेबाची आणि जबाबदारीची आहेत. खोके बंद करणाऱ्या माणसाच्या हाती कुंचला नसतो. त्याने 'जरा येथे रंग कमी वाटतो' म्हणून खोके उघडून एक हात मारला, तर गिऱ्हाईकाने पसंत केलेली मूर्ती आणि त्याच्या घरी पोहोचलेली मूर्ती एक राहणार नाही.

आता पेढीकडे येऊ. ह्यासाठी रोह्याचेच उदाहरण घेण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेले आणि रोह्याला बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1949 पर्यंत त्या पदावर होते. त्या काळातल्या बँकेच्या नोटांवर त्यांची सही असे. पण त्या नोटा बँक छापीत नसे. छपाई होई ती भारत सरकारच्या नाशिक रोडच्या छापखान्यात. तेथे 1928 पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या होत्या. छापखाना नोट घडवी आणि बँक ती प्रसृत करी. बँकेतही, 1934 च्या कायद्याने, नोटा प्रसृत करणारा विभाग बँकिंग विभागापासून सर्वस्वी अलग ठेवण्यात आला. पुढे 1995 साली बँकेने नोटा छापण्यासाठी स्वतःची कंपनी काढली, ती देखील निराळी संस्था म्हणूनच. छापखान्यात रचून ठेवलेला कागद कितीही सुबक असला तरी बँकेने बाहेर काढीपर्यंत ते चलन नव्हे. त्याचप्रमाणे चलनात आलेली नोट मागे घेणे हेही छापखान्याचे काम नव्हे. 19 मे 2023 रोजी 2000 रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली ती रिझर्व्ह बँकेकडून.

ह्या दोन उदाहरणांतून वाटणीचे सूत्र हाती येते. जे काम वस्तू बदलते ते कारखान्याचे. जे काम वस्तूला हात न लावता तिच्याविषयी काही ठरविते ते पेढीचे. रूपांतर, जोडणी, चाचणी, गठ्ठा बांधणे, त्यावर आवृत्तीचा क्रमांक घालणे ही पहिल्या वर्गातली कामे. आलेला गठ्ठा तपासून घेणे, त्यास संमती देणे, त्याची नोंद ठेवणे, तो कोणाला आधी व कोणाला मागाहून द्यावयाचा हे ठरविणे, सदोष निघाल्यास थांबविणे, आणि जुन्या आवृत्त्या जपून ठेवणे ही दुसऱ्या वर्गातली. रोह्याच्या स्थानकापासून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. तेथे गाडी एका रेल्वेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाते. गाडी तीच राहते, जबाबदारी तेवढी बदलते. कारखाना आणि पेढी ह्यांच्यामधली सीमा अशीच असावयास हवी.

क्रमांक गठ्ठ्यावर छापतो कारखाना; पण एकदा बाहेर पडलेला क्रमांक पुन्हा वापरू न देणे हे पेढीचे कर्तव्य आहे. सदोष माल गुपचूप बदलून त्याच क्रमांकाखाली दुसरा ठेवण्याचा मोह फार मोठा असतो. तो केल्यास एकाच नावाच्या दोन वस्तू बाजारात येतात आणि तक्रार कोणत्या वस्तूविषयी आहे हेच कळेनासे होते. नोटांच्या बाबतीत पाहा. गड्डीतील एखादी नोट छपाईत खराब निघाली तर तिच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी छापीत नाहीत. 2006 पासून क्रमांकात तारा असलेली निराळी नोट त्या जागी घालतात. चूक लपविण्यापेक्षा ती क्रमांकावरून दिसू देणे अधिक शहाणपणाचे आहे.

माल वाटेत बदलला नाही हे ओळखावयाचे कसे? त्यासाठी गणिताने एक साधन दिले आहे. कोणत्याही गठ्ठ्यावरून, तो केवढाही मोठा असो, ठराविक लांबीची एक खूण काढता येते. हा त्याचा अंगठ्याचा ठसा म्हणा. सध्या बहुधा वापरली जाणारी रीत 64 अंक-अक्षरांचा ठसा देते. गठ्ठ्यातले एक अक्षर जरी बदलले तरी सारा ठसा बदलून जातो, आणि दिलेल्या ठशाशी जुळेल असा दुसरा गठ्ठा बनविणे आजच्या ज्ञानाप्रमाणे कोणासही शक्य नाही. कारखान्याने ठसा काढावा, पेढीने माल घेताना तो पुन्हा काढून ताडून पाहावा, आणि आपल्या फोनने किंवा संगणकाने तिसऱ्यांदा ताडून पाहावा. पेढीने मध्येच गठ्ठा उघडून काही सुधारले तर ठसा जुळणार नाही. म्हणजे वर सांगितलेले सूत्र नुसत्या उपदेशावर विसंबून नाही. त्यावर यंत्राची राखण ठेवता येते.

पण ठसा खरा कशावरून? ज्याने माल बदलला तो ठसाही बदलील. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंट ह्या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळावर घुसखोरांनी शिरकाव करून डाउनलोडचा दुवाच फिरविला, आणि त्या दिवशी तेथून घेणाऱ्यांना भेसळीचा माल मिळाला. कारखाना शाबूत होता, लिखाण शाबूत होते. दुकानाची पाटी तेवढी फिरविली गेली होती. म्हणून ठशावर मोहोर हवी, आणि त्या मोहोरेची किल्ली लोकांसाठी उघड्या असलेल्या यंत्रावर ठेवता कामा नये. ती कारखान्यातही असू नये. कारण तेथे शेकडो ठिकाणांहून आणलेले सुटे भाग रात्रंदिवस ये-जा करतात, आणि त्यातला एखादा भाग कसा निघेल ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही. नोटेची उपमा येथे लंगडी पडते, कारण गव्हर्नरांची सही छापखान्यातच छापली जाते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र मोहोर हीच सारी पत आहे. ती तिजोरीत, मोजक्या हातांत आणि नोंदीसह असली पाहिजे.

1993 पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवीत असलेला डेबियन नावाचा प्रकल्प ह्याचा एक चांगला नमुना आहे. लिखाण सांभाळणारा माणूस आपल्या सहीनिशी लिखाण पाठवितो. त्यावरून गठ्ठे बांधतात ती प्रकल्पाची वेगळी यंत्रे. मध्यवर्ती भांडार सह्या तपासते, गठ्ठे जागी लावते आणि सर्व ठशांची एक यादी करून त्या यादीवर मोहोर उठविते. गठ्ठ्यांना कोणी हात लावीत नाही. मोहोर आहे ती यादीवर. ह्याचा एक मोठा फायदा असा की जगातल्या कोणत्याही विद्यापीठाने वा कंपनीने ह्या भांडाराची नक्कल आपल्याकडे ठेवून लोकांना माल पुरवावा. तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारणच उरत नाही. यादीवरची मोहोर खरी आणि ठसा जुळला, की माल कोणत्या गाडीतून आला हे विचारावयास नको.

अशी वाटणी नसली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण 2024 च्या मार्चमध्ये जगासमोर आले. एक्सझेड नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक साधे साधन आहे. लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर ते असते. ते सांभाळणाऱ्या एकट्या, थकलेल्या माणसाच्या मदतीला एक टोपणनावी इसम आला, दोन वर्षांहून अधिक काळ मनापासून काम करून त्याने विश्वास मिळविला, आणि प्रकाशनाचा अधिकार त्याच्या हाती आला. पुढे 5.6.0 आणि 5.6.1 ह्या आवृत्त्यांचे गठ्ठे त्याने स्वतःच बांधले, त्यांवर स्वतःच सही केली आणि स्वतःच प्रसिद्ध केले. ह्या गठ्ठ्यांत बांधणीच्या सूचनांची अशी एक फाइल होती, जी सर्वांस दिसणाऱ्या लिखाणात नव्हतीच. आणि तिच्याच वाटेने चोरदरवाजा आत शिरे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्याने पाठपुरावा केला आणि 29 मार्च रोजी ही गोष्ट उघडकीस आणली. तोवर हे गठ्ठे मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचले होते, म्हणून जग बचावले. घडविणारा हात आणि सोडणारा हात एकच असल्यामुळे, दाखविलेले लिखाण व दिलेला माल एकच आहे काय, हे विचारणारे मध्ये कोणी नव्हते.

मग दोन हात वेगळे केले की सारे सुरक्षित झाले, असे समजावयाचे काय? तसे नाही. 2020 साली अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीत घुसखोरांनी पेढीला हातच लावला नाही. ते कारखान्यात शिरले. बांधणी सुरू झाली की एक लिखित फाइल हळूच बदलावयाची आणि बांधणी संपली की मूळ फाइल परत ठेवावयाची, असा प्रोग्राम त्यांनी तेथे बसविला. लिखाण निर्दोष दिसे, गठ्ठा मात्र विषारी निघे. पेढीने त्यावर अस्सल मोहोर उठविली आणि तो पाठवून दिला. 18000 पर्यंत ग्राहकांनी तो घेतला असावा, असे कंपनीने सांगितले. रूपांतर करणारे साधनच फितूर असेल तर लिखाण कितीही वाचले तरी काही सापडत नाही, हा इशारा केन थॉम्प्सन ह्यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात दिला होता. छत्तीस वर्षांनी त्याच जातीचा धोका कारखान्याच्या दारात उभा राहिला.

ह्यावर उपाय आहे तो दुसऱ्या कारखान्याचा. तेच लिखाण दोन निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांच्या ताब्यातल्या यंत्रांवर बांधावे आणि दोन्ही गठ्ठ्यांचे ठसे जुळतात का ते पेढीने पाहावे. जुळले तरच माल सोडावा. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ठसे जुळत नाहीत, कारण बांधणीची साधने गठ्ठ्यात त्या क्षणाची तारीख-वेळ घालतात, फायली मिळतील त्या क्रमाने भरतात, आपल्या यंत्रावरच्या फोल्डरचे नाव आत लिहून ठेवतात. हे सारे आगंतुक तपशील शोधून काढून टाकण्याचे काम डेबियनमध्ये 2013 पासून चिकाटीने चालू आहे. घड्याळातली वेळ घेण्याऐवजी लिखाणात शेवटचा बदल ज्या दिवशी झाला ती तारीख घ्यावयाची, फायली अकारविल्हे लावावयाच्या, अशा ह्या किरकोळ वाटणाऱ्या सुधारणा आहेत. पण त्यांच्यामुळे 'माझ्यावर विश्वास ठेवा' ह्याच्या जागी 'तुम्हीही बांधून पाहा' असे म्हणता येते, आणि पेढीच्या तपासणीला प्रथमच खरा अर्थ येतो.

पेढीचे आणखी एक काम लोक हलके लेखतात. ते म्हणजे सबुरी. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडील वेळेप्रमाणे ती फाइल सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी सुटली आणि 10 वाजून 57 मिनिटांनी मागे घेण्यात आली. पण तेवढ्यात आपल्या देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली होती. येथे घुसखोर कोणीही नव्हता. फाइल तपासणाऱ्या साधनातच दोष होता, म्हणून ती चाळणीतून निसटली. आणि मग ती थोड्यांना आधी देऊन परिणाम पाहण्याऐवजी एकदम सर्वत्र गेली. कारखान्याची चाचणी कधी ना कधी चुकणारच, असे गृहीत धरून पेढीने शंभरात एकाला आधी द्यावे, वाट पाहावी, मग दहांना द्यावे. परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे हाही प्रसिद्धीचाच एक भाग आहे.

ह्या सूत्राला विरोध करणारा व्यवहारही आहे, आणि तो मोठा आहे. ऑगस्ट 2021 पासून गूगलच्या प्ले स्टोअरवर नवे ॲप ठेवावयाचे तर पुरा बांधलेला गठ्ठा देऊन चालत नाही. निर्माता सर्व भागांचे एक बोचके देतो, आणि प्रत्येक जातीच्या फोनला लागणारे तेवढेच भाग त्यातून काढून गूगलचा सर्व्हर निरनिराळे गठ्ठे करतो व त्यांवर स्वतःजवळच्या किल्लीने सही करतो. म्हणजे पेढीनेच कारखान्याचे थोडे काम उचलले. ह्यात ग्राहकाचा लाभ आहे. डाउनलोड लहान होतो. परंतु आपण बांधला तोच माल फोनवर पोहोचला, असे सांगण्याचे निर्मात्याचे साधन दुबळे होते. उलट बाजूस 2010 साली सुरू झालेले एफ-ड्रॉइड नावाचे भांडार आहे. ते लिखाण स्वतः बांधते. आणि त्याचा गठ्ठा निर्मात्याच्या गठ्ठ्याशी तंतोतंत जुळत असेल, तर निर्मात्याच्या सहीचाच गठ्ठा प्रसिद्ध करण्याची सोय ते देते. सोय आणि पडताळा ह्यांतले काय किती द्यावयाचे, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे करावा. पेढीने वस्तूला हात लावला तर तो उघडपणे लावावा आणि त्याची नोंद राहावी, एवढा आग्रह मात्र सोडू नये.

कोणी म्हणेल, ही मोठ्यांची कामे झाली. आमच्या गावच्या पतपेढीला सॉफ्टवेअर पुरविणारा माणूस एकटाच असतो, त्याने दोन हात कोठून आणावे? ह्याला आमचे उत्तर असे की, माणूस एक असला तरी पायऱ्या दोन असाव्यात. बांधणी त्याच्या रोजच्या टेबलावरच्या संगणकावर न करता निराळ्या, स्वच्छ यंत्रावर व्हावी. मोहोरेची किल्ली वेगळी ठेवावी. आज बांधलेले उद्या, शांतपणे पाहून, सोडावे. हिशेब लिहिणाऱ्याने रोकड सांभाळू नये, हा नियम आपल्या पतपेढ्यांनी केव्हाच स्वीकारला आहे. तो चोराच्या संशयावरून केलेला नाही. प्रामाणिक माणसावर संशय घेण्याची वेळच येऊ नये म्हणून केलेला आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण अशा संस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, शाळांच्या समित्यांवर आहेत, नगरपालिकेत आहेत. सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारली जाते, सोयी विचारल्या जातात. ह्यापुढे आणखी तीन प्रश्न विचारावेत. हा माल कोणत्या लिखाणावरून आणि कोणत्या यंत्रावर बांधला? त्यावर मोहोर उठविण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि ती किल्ली कोठे असते? नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परत येण्यास किती वेळ लागेल? पुरवठादार जाणता असेल तर त्याला ह्या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि त्याला उत्तरे देता आली नाहीत, तर आपल्या सभासदांची खाती ज्याच्या हाती द्यावयाची त्याच्याविषयी संचालकांना जे कळावयास हवे ते करार होण्यापूर्वीच कळलेले असेल.